‘घोडा तयार आहे’ म्हणजे नेमके काय? ट्रेनरचा अंदाज कसा वाचावा

नाशकात रेसकोर्स नाही. तरीही नोव्हेंबरपासून मुंबईचा हंगाम सुरू झाला की रविवारी सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने दादर गाठायचे आणि तिथून लोकलने महालक्ष्मीला उतरायचे, असा परिपाठ असलेली मंडळी आपल्या शहरात आहेत. जे जात नाहीत, त्यांच्याही हाती वर्तमानपत्रातला ‘आजच्या शर्यती’ हा मजकूर कधी ना कधी पडतो. आमच्या शेजारी राहणारे, पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग असलेले एक काका असाच एक कागद घेऊन माझ्याकडे आले. एका ट्रेनरने आपल्या त्या दिवशी धावणाऱ्या घोड्यांबद्दल काय म्हटले आहे, ते त्यात छापलेले होते. काकांनी तो दोनदा वाचला होता आणि त्यांची तक्रार साधी होती. “घोडा जिंकणार की नाही, एवढे सांगायचे सोडून हा माणूस भलतेच काहीतरी सांगतोय.”

त्यांची तक्रार मला रास्त वाटली, कारण या मजकुराची भाषा कोणी समजावून सांगत नाही. मात्र ते ‘भलतेच काहीतरी’ हाच त्या मजकुराचा खरा ऐवज असतो. ट्रेनरचा अंदाज म्हणजे निकालाचे भाकीत नव्हे. घोडा आज कोणत्या अवस्थेत आहे आणि आजची शर्यत त्या अवस्थेला किती जुळते, याचे ते निवेदन असते. हा फरक ध्यानात घेतला की पुढचे सगळे उलगडत जाते.

समजण्यासाठी मी अशा निवेदनाचा एक नमुना रचून घेतो. “पहिल्या शर्यतीतली घोडी प्रथमच धावते आहे, सराव चांगला झाला आहे, पण तिला अनुभव हवा. तिसऱ्या शर्यतीतला घोडा उत्तम स्थितीत आहे, मात्र वजन जास्त आहे. पाचव्या शर्यतीतला घोडा मोठ्या विश्रांतीनंतर उतरतो आहे. ही धाव त्याला उपयोगी पडेल.” या तीन वाक्यांची फोड करायची आहे. पण त्याआधी ट्रेनर कोण आणि तो रोज काय पाहतो, हे पाहू.

ट्रेनर कोण असतो?

घोडा मालकाचा असतो, शर्यतीत त्याच्यावर जॉकी बसतो आणि या दोघांच्या मधला बाकीचा सगळा भार ट्रेनरवर असतो. महाराष्ट्रात पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यापासून मुंबईला जो रेसचा हंगाम भरतो, तो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो आणि ट्रेनरला क्लबचा परवाना लागतो. घोड्याला चंदी, म्हणजे दाणा, किती द्यायची, सकाळी किती पळवायचे, कोणत्या अंतराच्या शर्यतीत नाव नोंदवायचे, कोणता जॉकी घ्यायचा आणि कधी थांबायचे, हे सगळे तो ठरवतो. त्याच्या हाताखाली सईस असतात. ते घोड्याला खरारा करतात, त्याला फिरवतात आणि त्याच्या स्वभावातला बारीकसा बदलही सर्वांत आधी ओळखतात. ज्या ट्रेनरचे आपल्या सईसांकडे कान असतात, त्याचा अंदाज सहसा अधिक नेमका असतो, असे माझे मत आहे.

ट्रेनरचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो आणि त्याचे पहिले काम घड्याळ हातात घेण्याचे नसते. रात्रीची चंदी घोड्याने संपवली का, हे तो आधी पाहतो. नंतर घोड्याच्या पुढच्या पायांवरून, गुडघ्याखालच्या कंडरेवरून तो हात फिरवतो. तिथे किंचित गरमी लागली तरी त्या दिवसाचा बेत बदलतो, कारण साडेचारशे-पाचशे किलोंचे जनावर ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते, तेव्हा प्रत्येक झेपेत काही क्षण त्याचा सारा भार एकाच पायावर येतो. आज हाताला जाणवलेली गरमी दुर्लक्षिली, तर आठवड्याभरात ती लंगडेपणा होऊन समोर येते.

काकांना हे लगेच पटले. पानाचा रंग किंचित उतरला की बागेत काय बिघडणार, हे त्यांना आठ दिवस आधी कळते. बाहेरच्या माणसाला मात्र सगळी बाग हिरवीच दिसते.

‘तयार’ या शब्दात काय काय येते?

शर्यतीचा घोडा थरोब्रेड या जातीचा असतो. ही जात इंग्लंडात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आकाराला आली आणि तिच्यातील सर्व नरांची पितृवंशावळ तीन मूळ घोड्यांपर्यंत जाऊन पोहोचते. वेगासाठी शेकडो वर्षे निवडत निवडत घडवलेले हे शरीर एका बाबतीत विलक्षण समर्थ, तर दुसऱ्या बाबतीत फार नाजूक असते.

सामर्थ्य प्रथम पाहू. विश्रांतीत घोड्याचे हृदय मिनिटाला ३० ते ४० वेळा पडते; भरधाव धावताना हाच आकडा २२०च्याही पुढे जातो. त्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो आणि धाव सुरू होताच प्लीहा आकुंचन पावून तो रक्तात सोडते. प्राणवायू वाहणारे रक्त त्याला अशा रीतीने ऐन वेळी वाढवून मिळते. माणसात ही सोय नाममात्र आहे.

आता नाजूकपणा. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. चौखूर धावताना तर त्याचा श्वास झेपेला बांधलेला असतो. एक झेप, एक श्वास. म्हणजे मिनिटाला १२०हून अधिक श्वास, आणि त्यांतला एकही त्याला सवडीने घेता येत नाही. म्हणूनच तबेल्यातली धूळ, बुरशी धरलेले गवत, साधा खोकला यांची ट्रेनरला धास्ती असते. पूर्ण वेगाने धावल्यानंतर अनेक घोड्यांच्या फुप्फुसांत थोडा रक्तस्रावही होतो. एखादा ट्रेनर “मागच्या वेळी श्वासाची अडचण आली होती” असे म्हणतो, तेव्हा ती सबब आहे असे लगेच समजू नये.

‘तयार’ हा शब्द या सगळ्यांचा मिळून आहे. पाय थंड आहेत, चंदी संपते आहे, सकाळच्या सरावात शेवटची सहाशे मीटर घोड्याने फार न थकता कापली आहेत आणि सराव संपल्यावर त्याचा श्वास लवकर खाली येतो आहे, अशी अवस्था आली की ट्रेनर तो शब्द वापरतो. मात्र द्राक्षात गोडी भरणे आणि त्याला भाव मिळणे या जशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तसेच घोडा तयार असणे आणि घोडा जिंकणे यांचेही आहे. भाव ठरतो तो बाजारात आणखी कोणाचा माल उतरला आहे यावर.

पहिले वाक्य: ‘तिला अनुभव हवा’

हे वाक्य बहुधा कोवळ्या वयाच्या, प्रथमच धावणाऱ्या घोड्याबद्दल येते. घोडा दोन वर्षांचा झाला की शर्यतीत उतरू शकतो आणि त्याचे वय जन्मतारीख काहीही असली तरी १ जानेवारीला एका वर्षाने वाढले असे धरतात. त्यामुळे कागदावर सारख्या वयाच्या दोन घोड्यांत प्रत्यक्षात काही महिन्यांचे अंतर असू शकते, आणि त्या वयात काही महिने म्हणजे पुष्कळ झाले.

सकाळच्या सरावात ही घोडी ओळखीच्या दोन-तीन घोड्यांबरोबर धावलेली असते. शर्यतीच्या दिवशी मात्र लोखंडी दरवाजांच्या अरुंद खणात उभे राहणे, कानाशी दरवाजा उघडल्याचा आवाज, आठ-दहा अनोळखी घोड्यांची दाटी, तोंडावर उडणारी माती आणि कठड्याबाहेरच्या गर्दीचा गलका हे सगळे तिच्यापुढे एकदम येते. घरी उत्तम पोहणारा मुलगा गोदेच्या पुरात उतरवावा, त्यातला हा प्रकार आहे. “सराव चांगला, पण अनुभव हवा” याचा अर्थ असा की अंगात वेग आहे, पण तो ऐन वेळी कामी येईल याची खात्री आज ट्रेनरला नाही. अशी घोडी पहिल्या धावेत मागे पडून तिसऱ्या धावेत सहज जिंकलेली पुष्कळांनी पाहिलेली असते. त्यात लबाडी असतेच असे नाही.

दुसरे वाक्य: ‘वजन जास्त आहे’

नव्या वाचकाला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट हीच. शर्यत म्हटली की सर्वांना सारखी संधी, असे आपण गृहीत धरतो. पण बहुसंख्य शर्यतींमध्ये मुद्दाम चांगल्या घोड्यावर अधिक भार आणि साधारण घोड्यावर कमी भार ठेवतात. या पद्धतीला हँडिकॅप म्हणतात. क्लबचा अधिकारी प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून एक गुणांक देतो. घोडा जिंकला की गुणांक चढतो, सतत हरला की उतरतो. आपल्याकडे गुणांकातला एक अंक म्हणजे पाठीवर अर्धा किलो. तेव्हा दोन घोड्यांत वीस गुणांचा फरक असेल, तर एकाला ६० किलो आणि दुसऱ्याला ५० किलो असा भार येऊ शकतो. या भारात जॉकीचे स्वतःचे वजन आणि खोगीर धरतात, उरलेली तूट शिशाच्या पट्ट्यांनी भरून काढतात. शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर जॉकीला वजनकाट्यावर उभे राहावे लागते, ते यासाठी.

पाचशे किलोंच्या जनावराला पाच-सहा किलोंनी काय फरक पडतो, असा प्रश्न काकांनी विचारला. त्याचे उत्तर शर्यतीच्या मापात आहे. दोन घोड्यांमधले अंतर ‘लांबी’त मोजतात, एक लांबी म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत एक घोडा, साधारण २.४ मीटर. ठोकळ हिशेब असा की १६०० मीटरच्या आसपास एक किलो म्हणजे जवळजवळ एक लांबी. घोडा एका सेकंदात सहा-सात लांब्या कापतो आणि कित्येक शर्यतींचा निकाल अर्ध्या लांबीने, मानेने, कधी नुसत्या नाकाने लागतो. वणीच्या गडाच्या पायऱ्या दोघे सारख्या दमाचे भाविक चढत असतील आणि एकाच्या पाठीवर एखादा किलो जास्त असेल, तर पहिल्या पन्नास पायऱ्यांवर काही कळणार नाही. शेवटच्या पन्नास पायऱ्यांवर कळेल.

म्हणून “उत्तम स्थितीत आहे, मात्र वजन जास्त आहे” हे वाक्य परस्परविरोधी नाही. पूर्वार्ध घोड्याबद्दल आहे, उत्तरार्ध शर्यतीबद्दल. उलट एखाद्या साधारण घोड्याबद्दल “वजन सोयीचे मिळाले आहे” असे म्हटलेले दिसले, तर तिकडे दुप्पट लक्ष द्यावे. त्याच्या अंगात गुणांकापेक्षा जास्त दम आहे, असे ट्रेनर सभ्य शब्दांत सुचवत असतो. शिकाऊ जॉकी बसवला की वजनात सवलत मिळते, हाही अशा वेळी एक मार्ग असतो. त्यात भार कमी होतो, पण अनुभवही कमी होतो.

सर्वच शर्यती हँडिकॅप पद्धतीच्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. १९४३पासून होत असलेली, महालक्ष्मीला साधारण फेब्रुवारीच्या आरंभी भरणारी २४०० मीटरची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते आणि तिथे गुणांकाप्रमाणे भार वाटत नाहीत. सर्वांत चांगला कोण, हेच तिथे पाहायचे असते.

तिसरे वाक्य: ‘ही धाव त्याला उपयोगी पडेल’

या वाक्यावर लोकांचा सर्वांत जास्त रोष असतो. आज जिंकायचे नाही तर आणला कशाला, असे वाटते. पण दुखापतीतून किंवा लांबच्या विश्रांतीतून उठलेला घोडा केवळ सकाळच्या सरावाने शेवटच्या दोनशे मीटरच्या ताकदीला पोहोचत नाही, कारण सरावात त्याच्यावर तेवढा ताण आणला जात नाही आणि आणूही नये. हाडाची, कंडरेची आणि दमाची घडण टप्प्याटप्प्याने होते. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली गोडी छाटणी यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. खरड छाटणीनंतर वर्षाच्या फळाची काडी तयार होते. त्या छाटणीनंतर घड आले नाहीत म्हणून कोणी बागायतदाराला दोष देत नाही.

अंतराचा मुद्दाही इथेच येतो. १२०० मीटर सव्वा मिनिटाच्या आत संपतात, २४०० मीटरना अडीच मिनिटांच्या आसपास लागतात. दोन्हींसाठी लागणारे स्नायू आणि स्वभाव वेगळे. स्नायूंच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या एका जनुकाचा आणि घोड्याला कोणते अंतर मानवेल याचा संबंध २०१०मध्ये आयर्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिला. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी त्याच २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. त्यांना शंभर मीटरच्या शर्यतीत कोणी उभे केले नाही. लांब पल्ल्याचा घोडा विश्रांतीनंतर आधी कमी अंतराच्या शर्यतीत उतरवतात, तेव्हा त्याचा हेतू पुढच्या शर्यतीची तयारी हाच असतो.

जे निवेदनात नसते: वळण आणि जमीन

ट्रेनर बोलतो तेव्हा शर्यतीला अजून काही तास, कधी एक-दोन दिवस असतात. तेवढ्या वेळात जमीन बदलू शकते. पुण्याच्या हंगामात तर पावसाची एक सर आली की गवताखालची माती मऊ होते, आणि कोरड्या जमिनीवर चपळ असलेला घोडा तिथे पाय उचलता उचलता थकतो. जमिनीत टोचून तिचा मऊपणा मोजणाऱ्या उपकरणाचा आकडा शर्यतीच्या दिवशी जाहीर होतो. निवेदन वाचल्यावर तो आकडा पाहावाच. काढणीला आलेल्या घडांवर अवकाळी पाऊस पडून मणी तडकतात, तेव्हा आदल्या दिवशीचा चांगल्या मालाचा अंदाज खोटा नव्हता. तो कोरड्या हवेचा अंदाज होता.

शर्यत जिथून सुटते, तिथल्या कोणत्या दरवाजातून घोडा निघणार, तो क्रमांक चिठ्ठीने ठरतो. त्याचे महत्त्व साध्या भूमितीत आहे. अर्धवर्तुळाकार वळणावर आतल्या कठड्यापासून दोन मीटर बाहेरून धावणाऱ्या घोड्याला सुमारे ६.३ मीटर जास्त कापावे लागतात, म्हणजे अडीच लांब्यांहून अधिक. आतला घोडा मात्र पुढच्यांच्या मागे कोंडला जाऊ शकतो. त्यातून वाट काढणे हे जॉकीचे कसब आणि तिथे ट्रेनरचा हात पोहोचत नाही.

एवढे सगळे कळते, तर मग तो हरतो का?

ट्रेनरला आपल्या घोड्याचे पुष्कळ कळते, पण समोरच्या नऊ घोड्यांच्या पायांवरून त्याने हात फिरवलेला नसतो. जगभरचा अनुभव असा आहे की, लोकांची सर्वाधिक पसंती असलेला घोडासुद्धा साधारण तीनपैकी एकाच शर्यतीत जिंकतो. समजा एका ट्रेनरचे सहा घोडे एका दिवशी धावले आणि प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता पाचात एक, म्हणजे बरीच चांगली आहे. तरीही सहाही हरण्याची शक्यता सुमारे २६ टक्के येते. म्हणजे उत्तम तयारीचे असे चार दिवस गेले, तर त्यांतल्या एका दिवशी तो हात हलवत घरी जाणार, आणि त्याच्या निवेदनात एकही चूक नसताना जाणार.

तो मुद्दाम लपवत नसेल कशावरून?

ही शंका जुनी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. पैशाचा व्यवहार जिथे असतो, तिथे लपवाछपवीचा मोह असतोच. त्यासाठीच क्लबने नेमलेले स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीवर नजर ठेवणारे पंच, असतात. प्रत्येक शर्यतीचे चित्रीकरण होते, घोडा अनपेक्षित चांगला किंवा अनपेक्षित वाईट धावला तर ट्रेनर आणि जॉकी यांना खुलासा विचारला जातो आणि घोड्याला त्याच्या खऱ्या कुवतीने धावू दिले नाही असे आढळले तर परवान्यापर्यंत कारवाई जाऊ शकते. शर्यतीनंतर निवडलेल्या घोड्यांचे नमुने उत्तेजकांच्या तपासणीसाठी घेतात. औषध घोड्याला चालते, पण शर्यतीच्या दिवशी त्याचा अंश अंगात चालत नाही, म्हणून शेवटची मात्रा कधी द्यायची याचे गणित ट्रेनरला पाळावे लागते. निर्यातीच्या द्राक्षाला शेवटची फवारणी आणि काढणी यांत जे दिवस सोडावे लागतात, त्याच जातीचे हे गणित आहे.

त्यातूनही शंका उरली, तर एकाच निवेदनावर न थांबता त्या ट्रेनरची महिन्याभरातली निवेदने निकालांशेजारी ठेवून पाहावीत. प्रत्येक घोड्याचे कौतुक करणारा आणि प्रत्येकाबद्दल हात राखून बोलणारा, असे दोन्ही प्रकारचे ट्रेनर निरुपयोगी ठरतात. जो काहींना ‘हो’ आणि काहींना स्पष्ट ‘नाही’ म्हणतो, त्याचे ‘हो’ मोलाचे असते.

हा शेवटी जुगारच ना?

सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय दिला. घोड्याची घडण, त्याचे प्रशिक्षण आणि जॉकीचे कसब यांवर निकाल अवलंबून असतो, हा त्यामागचा विचार होता. करआकारणीत मात्र शर्यतीवरच्या पैजेला कॅसिनोच्या रांगेत बसवलेले आहे. ऑक्टोबर २०२३पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के वस्तू व सेवा कराचा दर लागू झाला. खेळ कौशल्याचा असला, तरी पैजेच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाजवळ ते कौशल्य असतेच असे नाही. काकांना मी स्वच्छ सांगितले की, हा मजकूर घोडा समजून घेण्यासाठी वाचा, बागेच्या पैशाला हात लावू नका. पैज न लावताही शर्यत पाहता येते, आणि माझ्या मते ती तशीच अधिक चांगली दिसते.

घोड्याच्या बाजूने एक आक्षेप आहे आणि तो मला या सगळ्यांत गंभीर वाटतो. धावताना घोड्याचा पाय मोडू शकतो आणि तसा मोडलेला पाय पुष्कळदा सांधत नाही. चाबकाच्या वापरावर मर्यादा आल्या आहेत, मैदानावर पशुवैद्य असतात. तरीही धोका शून्यावर येत नाही. म्हणूनच एखाद्या निवेदनात “पाय पूर्ण बरा वाटला नाही, म्हणून काढून घेतला” असे वाचायला मिळाले, तर मी त्या ट्रेनरबद्दल मनात चांगली नोंद करतो. नोंदणीचे पैसे गेले, मालक नाराज झाला, आठवड्यांची तयारी वाया गेली, आणि तरी त्याने घोडा तबेल्यातच ठेवला.

काकांनी मग तो कागद पुन्हा उघडला आणि पेन्सिलीने प्रत्येक वाक्याचे दोन भाग पाडले. घोड्याबद्दलचा भाग डावीकडे, शर्यतीबद्दलचा उजवीकडे. एका घोड्यापुढे दोन्ही रकाने भरलेले आणि दोन्ही चांगले होते. “हा जिंकेल?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “जमीन कोरडी राहिली तर याची शक्यता बाकीच्यांपेक्षा जास्त आहे, एवढेच त्या माणसाला माहीत आहे, आणि तेवढेच त्याने लिहिले आहे.” त्यांनी मोबाइलवर मुंबईचे हवामान उघडले.